हिरवं की नारंगी? जुन्या गाडीच्या कूलंटची गोष्ट

परवा एका श्रोत्याने विचारलं, ‘आजोबांची १९८५ची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणतोय. कूलंट हिरवं घालू की नारंगी?’ प्रश्न छोटा आहे, पण चुकलं तर रेडिएटर जातो.

उत्तरासाठी आधी १८८८ सालच्या जर्मनीत जाऊ. बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फॉर्त्सहाइमला निघाली. नवऱ्याने बनवलेल्या त्या गाडीत इंजिन थंड ठेवायला नुसतं पाणी होतं. ते वाफ होऊन उडायचं, म्हणून वाटेत पुन्हा पुन्हा भरावं लागलं. बोरघाटात बॉनेट उघडून, बाटली घेऊन उभे असलेले फिएटवाले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल!

थंड देशांत वेगळाच त्रास. पाणी गोठलं की फुगतं आणि लोखंडी इंजिनलाही तडा जातो. म्हणून लोक पाण्यात अल्कोहोल घालायचे, पण इंजिन तापलं की तेच आधी उडायचं. मग १९२७ साली अमेरिकेत ‘प्रेस्टोन’ नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. ते पाण्यात निम्मं मिसळलं, की मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही आणि उकळतं १०० च्या वर.

आता म्हणाल, आपल्याकडे कुठे पाणी गोठतंय? बरोबर. म्हणूनच इथे वर्षानुवर्षं नळाचं, नाहीतर बोअरचं पाणी चाललं. पण त्याने आतून गंज चढतो, क्षार साचतात, नळ्या तुंबतात. कूलंटमधली गंजरोधक रसायनं नेमकी इथे कामाला येतात.

आणि खरा फरक याच रसायनांत आहे. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट असे क्षार असतात. ते धातूवर पटकन थर धरतात, पण साधारण दोन वर्षांत संपतात. १९९०च्या दशकात सेंद्रिय आम्लांवर चालणारं, जास्त टिकणारं कूलंट आलं. ते ॲल्युमिनियमच्या रेडिएटरसाठी उत्तम. पद्मिनीचा रेडिएटर मात्र तांब्या-पितळेचा, सोल्डरने जोडलेला. त्या सांध्यांना जुन्या पद्धतीचंच कूलंट जास्त मानवतं.

मग हिरवंच घ्यायचं? थांबा! रंग हा फक्त रंग आहे, प्रत्येक कंपनी आपला ठरवते. डब्यावर ‘आयएटी’ लिहिलंय का ते वाचा. आधीचं सगळं काढून, आतून धुऊन मगच भरा. दोन प्रकार मिसळू नका. पाणी घालायचं तर डिस्टिल्ड. आणि दर दोन वर्षांनी बदला.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. शिवाय ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं. सांडलेलं लगेच पुसा, कुत्र्या-मांजरांचा जीव जातो.

तर दादा, गाडी कोणत्या धातूची, कोणत्या काळातली ते आधी बघ, रंग नंतर. आणि पद्मिनी घाट चढली की आम्हाला नक्की कळव!