गाठ काढायची, नस राखायची

कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोनाशी एखादी गाठ उठते. दुखत नाही, खुपत नाही. वर्षानुवर्षं सावकाश वाढत राहते. सर्जन तपासतात आणि सांगतात, पॅरोटिड या लाळग्रंथीची गाठ आहे, काढावी लागेल. त्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : तोंड वाकडं तर होणार नाही ना? पॅरोटिडेक्टमी या शस्त्रक्रियेची सारी कुळकथा या एका प्रश्नाभोवती फिरते.

अडचण ग्रंथीच्या जागेतच आहे. गालगुंडात सुजते ती हीच, लाळग्रंथींमधली सर्वांत मोठी. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस कानामागे कवटीतून बाहेर पडते ती थेट हिच्या पोटात शिरते. तिथेच तिला फाटे फुटतात आणि पाच मुख्य शाखा कपाळ, डोळा, गाल, ओठ आणि मानेकडे जातात. शिवाय मोठ्या रक्तवाहिन्याही इथूनच जातात. सुरी जराशी चुकली की एक तर रक्ताचा लोट, नाही तर तोंडावरून वारं गेल्यासारखा चेहरा.

ही ग्रंथी तोंडात लाळ पोचवते कशी, हे उलगडलं 1660 च्या एप्रिलात. नील्स स्टेन्सन हा बावीस वर्षांचा डॅनिश विद्यार्थी ॲम्स्टरडॅममध्ये मेंढीच्या मुंडक्याचं विच्छेदन करत होता. एका नळीत त्याने सळई सरकवली. ती सहज पुढे गेली आणि टोक दातावर आपटून वाजलं. ती लाळेची वाट होती. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतून जीभ फिरवली तर त्या नळीच्या तोंडाशी असलेला बारीक उंचवटा लागतो.

पण वाट सापडली म्हणून ग्रंथी कापायचं धाडस लगेच कुणाला झालं नाही. जिवंत माणसाच्या शरीरातून ती पूर्ण काढता येते का, यावर एकोणिसाव्या शतकातही वाद होते. 1820 च्या दशकात फ्रान्सचे बेक्लार आणि फिलाडेल्फियाचे जॉर्ज मॅक्लेलन यांनी ती काढून दाखवली. याच सुमारास, 1821 मध्ये, चेहऱ्याच्या हालचाली कोणत्या नसेवर चालतात हे चार्ल्स बेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. नसेचं मोल कळलं, पण ती वाचवायला सवड कुठे होती? भूल नव्हती. रोगी शुद्धीवर असायचा, त्यामुळे हात जितका झपाट्याने चालेल तितका सर्जन मोठा. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये ईथरच्या भुलेचं गाजलेलं जाहीर प्रात्यक्षिक झालं. योगायोग असा की तेव्हा काढलेली गाठही जबड्याखालचीच होती. यानंतर सर्जनला हवा तो वेळ मिळाला. नस राखून संपूर्ण ग्रंथी काढण्याचं पहिलं श्रेय 1892 मध्ये रुमानियाच्या कोद्रेआनू यांना दिलं जातं.

तरीही नसेच्या धास्तीने बरेच सर्जन पुढेही सोपी वाट धरत : ग्रंथीला हात न लावता गाठीच्या आवरणाला छेद द्यायचा आणि तेवढी गाठ सोलून बाहेर काढायची. चेहरा शाबूत राहायचा, पण काही वर्षांनी गाठ परत यायची, तीही एकाच्या जागी अनेक. कारण पुरतं स्पष्ट केलं लंडनच्या पेटी आणि थॅकरे यांनी, 1958 मध्ये. काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर त्यांना दिसलं की गाठीचं आवरण अखंड नसतं, तिचे कोंब आवरणाबाहेर डोकावतात. गाठ सोलली की ते मागेच राहतात.

म्हणून गाठीबरोबर भोवतालची निरोगी ग्रंथीही काढायची, तर आधी नस हाती लागायला हवी. अमेरिकेत सिस्ट्रंक यांनी त्याआधीच, 1921 मध्ये, ओठाकडची एक शाखा शोधून तिच्या मागाने उलटं नसेच्या खोडापर्यंत जाण्याची रीत सांगितली होती. पुढे टोरांटोचे जेन्स यांनी आधी खोडच गाठण्याची वाट दाखवली. आज बहुतेक ठिकाणी हाच क्रम पाळतात. कानापुढून पाळीखाली आणि मानेच्या घडीत छेद घेतात, कानाच्या कूर्चेचं टोक खुणेला धरून खोलवर जातात. दोनेक मिलिमीटर जाडीचा तो पांढुरका दोर दिसला की एकेका शाखेवरून ग्रंथी अलगद उचलत जातात. गाठ शेवटी निघते.

एक जुनं देणं मात्र राहतंच. काही रुग्णांना जेवताना त्या बाजूच्या गालावर घाम फुटतो. मूळच्या ल्वूव्ह शहरातल्या पोलिश डॉक्टर लुत्स्या फ्राय यांनी 1923 मध्ये गोळी लागलेल्या एका सैनिकात हा प्रकार पाहून तो एका वेगळ्या नसेशी जोडला. लाळ सोडवणारे तुटलेले तंतू पुन्हा वाढताना घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. या विकाराला त्यांचं नाव मिळालं. त्या ज्यू होत्या. दुसऱ्या महायुद्धात ल्वूव्हच्याच घेट्टोत नाझींच्या अमलाखाली त्यांचा बळी गेला.

पॅरोटिडच्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, पण लेप लावून किंवा चोळून त्या विरघळतही नाहीत. कानापुढची वा कानाखालची गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर सर्जनला दाखवा. वेदना, झपाट्याने वाढ किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली वाटणं यांपैकी काही असेल तर तेवढंही थांबू नका. आणि ऑपरेशन ठरलंच, तर नुसती गाठ सोलणार की नस शोधून ग्रंथीसकट काढणार, हे आधी विचारून घ्या.