एका निनावी निवेदनाचा इतिहास

नाझी राजवटीला जर्मनीतील प्रॉटेस्टंट चर्चने विरोध केला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. जो विरोध झाला, तो प्रामुख्याने चर्चच्या स्वायत्ततेसाठी होता. चर्चबाहेरच्या पीडितांसाठी कोणी काय केले, हा प्रश्न निराळा असून त्याचा शोध घेऊ जाता बर्लिनमधील एका शाळाशिक्षिकेपाशी येऊन थांबावे लागते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. 'जर्मन ख्रिस्ती' नावाच्या पक्षाने राष्ट्र, वंश आणि ख्रिस्ती धर्म ह्यांची एकच मोट बांधली होती. जुलै १९३३ च्या चर्च-निवडणुकांत त्याला मोठे बहुमत मिळाले. सप्टेंबरात प्रशियाच्या चर्चने 'आर्य-कलम' स्वीकारून यहुदी वंशाच्या पाळकांना पदासाठी अपात्र ठरविले. आणि नोव्हेंबरात ह्या पक्षाच्या बर्लिन येथील सभेत जुना करारच टाकून देण्याची मागणी झाली. ह्या प्रवाहाविरुद्ध जे उभे राहिले, त्यांची चळवळ 'विश्वासांगीकारी चर्च' म्हणून ओळखली जाते. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे तिने केलेली घोषणा मुख्यतः कार्ल बार्थ ह्यांच्या लेखणीतून उतरली. ती थोर आहे, ह्यात शंका नाही. परंतु तीत यहुद्यांविषयी एक अक्षरही नाही.

एलिझाबेथ श्मिट्झ (१८९३-१९७७) ह्या मूळच्या हानाउच्या. प्रख्यात इतिहासकार फ्रीड्रिख माइनेके ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती व त्या बर्लिनमध्ये मुलींच्या शाळेत शिकवीत. १९३५ साली त्यांनी जर्मनीतील 'अनार्यां'च्या स्थितीवर एक निवेदन सिद्ध केले आणि मे १९३६ मध्ये, न्यूरेंबर्ग कायद्यांनंतरची परिस्थिती सांगणारी पुरवणी त्यास जोडली. निवेदनावर नाव नव्हते. सुमारे दोनशे प्रती काढून त्या चर्चमधील जबाबदार व्यक्तींकडे पोहोचविण्यात आल्या.

ह्या निवेदनाची रीत अस्सल इतिहास-अभ्यासकाची आहे. वर्गात एकटे पाडले जाणारे मूल, यहुद्यांना मज्जाव करणारे गावोगावचे फलक, बुडविले जाणारे धंदे, अशा गोष्टींचा पुरावा त्यात एकामागून एक मांडला असून करुणेचे आवाहन त्या पुराव्यातूनच उभे राहते. त्याच वर्षी मार्गा मॉयझेल ह्या समाजसेविकेनेही एक निवेदन केले होते. परंतु त्याचा विषय बाप्तिस्मा घेतलेल्या यहुदी वंशीयांविषयी चर्चचे कर्तव्य हा होता. श्मिट्झबाईंनी ही मर्यादा मानली नाही. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, छळ होणारा मनुष्य हाच त्यांच्या दृष्टीने चर्चचा शेजारी. मग चर्च गप्प का, हा त्यांचा सवाल होता. सप्टेंबर १९३५ मध्ये बर्लिन-स्टेग्लिट्झ येथे भरलेल्या सिनॉडने यहुद्यांना बाप्तिस्मा नाकारता येणार नाही, एवढे निक्षून सांगितले; चाललेल्या छळाचा जाहीर निषेध मात्र केला नाही. आपल्या माणसांचा कैवार घेणे आणि माणसाचा कैवार घेणे ह्यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

नोव्हेंबर १९३८ च्या हिंसाचारानंतर त्यांनी हेल्मुट गोल्विट्झर ह्या तरुण पाळकाला पत्र लिहिले. १ एप्रिल १९३३ च्या बहिष्कारापासून चर्च कोणकोणत्या प्रसंगी गप्प राहिले ह्याची त्यांनी त्यात जंत्रीच दिली व मालमत्तेनंतर माणसांची पाळी येईल, अशी भीती व्यक्त केली. त्याच वर्षअखेर, राज्यकर्त्यांना हवे तसे शिकविणे आपल्या सदसद्विवेकबुद्धीस मान्य नाही असे कळवून त्यांनी निवृत्ती मागितली. अशा अर्जाचा परिणाम काय होऊ शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. आश्चर्य असे की निवृत्तिवेतनही मंजूर झाले. पुढे बर्लिनमधील आपल्या घरात व वांडलिट्झ येथील लहानशा घरात त्यांनी यहुद्यांना लपविले.

युद्धानंतर त्या हानाउला शिकवीत राहिल्या. आपल्या कार्याची वाच्यता त्यांनी केली नाही आणि इतिहासकारांनी त्यांचे निवेदन मॉयझेलबाईंच्या नावावर घातले. विषय जवळचा, वर्ष एकच. चूक समजण्याजोगी आहे. तथापि दोन्ही निवेदनांतील दृष्टीचा मूलभूत फरक इतकी वर्षे कोणाला खटकू नये, हे नवल. १९७७ साली त्यांच्या दफनविधीस सातच माणसे होती. त्यांच्या एका माजी विद्यार्थिनीने १९९९ मध्ये खरे कर्तृत्व प्रकाशात आणले आणि २००४ साली हानाउमधील एका चर्चच्या तळघरात सापडलेल्या बॅगेतील कागदपत्रांत पुरवणीचा हस्तलिखित मसुदा मिळाल्यावर ह्या बाबतीत वादाला जागा उरली नाही.