काळीवर वसलेली पांढरी

आमच्या वऱ्हाडात जमिनीचे दोन रंग. पिकते ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. माझे आजोबा म्हणायचे, काळीनं पोसावं आणि पांढरीनं झाकावं. मुलाचं लग्न ठरलं की ओसरीला लागून एक खण वाढायचा. माती गावची, भिंत घालायला शेजारी. कर्ज असायचं, पण बियाण्याचं किंवा लग्नाचं. घरासाठी कर्ज काढल्याची गोष्ट मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

परवा अकोल्यात एका मित्राचा मुलगा भेटला. खासगी नोकरी, पगार पंचवीस हजार. म्हणाला, "चाचा, बोलणी तर जमते, पन पोरीकडचे पह्यले विचारतात, घर सोताचं हाये का?" मी गप्प झालो. डोक्यावरचं छप्पर विकत घ्यायची ही रीत आपल्याकडे आली तरी कशी?

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. अकोला असदगडाच्या आसऱ्यानं वसलं. अमरावतीचा परकोट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या भीतीनं उभा राहिला. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. आडते, दलाल, जिन-प्रेसचे मालक आले. त्यांच्यामागे कारकून, हमाल आणि मजूर आले. वस्ती वेशीबाहेर पडली. या नव्या माणसांना गावात पांढरीचा हक्क नव्हता. ते भाड्यानं राहिले. पुढं अकोल्याच्या सावतराम आणि मोहता मिलचा भोंगा ऐकून उठणारी कितीतरी कुटुंबं अशाच खोल्यांत वाढली.

त्या खोल्यांना कायद्याचा आधार होता. १९४९ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेशानुसार भाडेकरूला काढायचं तर मालकाला आधी नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. गरिबाचं छप्पर टिकलं, पण भाड्याच्या खोल्या बांधण्याची मालकाची हौस ओसरली. ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. एव्हाना शहरांत अकरा महिन्यांच्या कराराचा रिवाज पडला होता. भाडेकरू दर वर्षी बिऱ्हाडाची पेटी बांधून तयार!

मीही ते भोगलं आहे. नव्वदच्या दशकात नोकरीसाठी अमरावतीत खोली शोधत होतो. दारावरची पाटी खरी असायची, भाडंही ठरायचं. मग मालक नाव विचारायचे. नाव सांगितलं की खोली 'कालच दिलेली' निघायची. अखेर एका निवृत्त गुरुजींनी किल्ली हातात दिली. नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, तेही चहासाठी हाक मारायची म्हणून. पण सगळ्यांनाच गुरुजी भेटत नाहीत. भाड्याच्या घरात ज्याला मान नाही, त्याला विकत घराची घाई जास्त असते.

आता त्या मुलाचा हिशेब करू. वीस लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे अठरा हजार. वीस वर्षांत फेड होते त्रेचाळीस लाखांवर, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज अधिक. पंचवीस हजारांच्या पगारात हे बसत नाही. २०१५ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेनं अनेकांना हात दिला. पण अनुदान मिळालं तरी उरलेला पैसा आणि पायाखालची जागा ज्याची त्यालाच उभी करावी लागते.

मग तो वळतो शहराबाहेरच्या शेताकडे. अकृषक परवानगी नसलेलं वावर, चुन्याच्या रेघा, नुसत्या स्टॅम्पपेपरवर सौदा. या गुंठेवारीला नियमित करायला २००१ मध्ये कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. वीस वर्षांत किती पोरांना रीतसर प्लॉट परवडला नाही, त्याची कबुलीच आहे ही.

आणि ती जमीन कोणती? काळी! कपाशीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरवरचा पाया घातला की भिंतीला तडे जातात. म्हणून पाया खोल न्यावा लागतो आणि खर्च वाढतो. घरासाठी पांढरी जागा निवडताना आपल्या पूर्वजांनी हेही पाहिलं असेल.

तरुण मित्रांनो, सौद्याआधी सातबारा पाहा, जमिनीचा अकृषक वापर कायदेशीर आहे का ते पाहा, फ्लॅट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहा. आणि वडीलधाऱ्यांनो, एक विनंती. ज्यांची समाधी अमरावतीत आहे, त्या गाडगेबाबांनी परक्यांसाठी धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी घर बांधलं नाही. आपल्याला तेवढं जमणार नाही. पण रिकामी खोली असेल तर नाव न विचारता द्यावी आणि मुलगी द्यायची असेल तर मुलाचं घर विचारण्याआधी मुलाचं मन विचारावं. एवढी पांढरी आपल्या प्रत्येकाजवळ शिल्लक असायला हरकत नाही.