निर्धूर चूल आणि कारागिराचे मत : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मराठवाड्याच्या ग्रामीण जीवनाचा इतिहास लिहिताना जमीनधारणा, महसूलव्यवस्था, दुष्काळ आणि हैदराबाद मुक्तिसंग्राम या विषयांचा विचार पुष्कळ झाला आहे. त्या मानाने स्वयंपाकघर इतिहासलेखनाच्या परिघाबाहेरच राहिले. 'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण सर्वांच्या तोंडी असली, तरी त्या चुली कोणी घातल्या, कोणी बदलू पाहिल्या आणि त्या बदलाविषयी त्या घडवणाऱ्या हातांना काय वाटले, याची चौकशी क्वचितच झाली. प्रस्तुत लेखात निर्धूर व सुधारित चुलीच्या प्रसाराचा विचार याच अंगाने केला आहे. संशोधकाने नवी वस्तू तयार केली, शासनाने ती स्वीकारली, पण गावात ती प्रत्यक्ष बसवणाऱ्या कुंभाराचे, गवंड्याचे आणि प्रशिक्षित कामगाराचे प्रांजळ मत संशोधकापर्यंत पोहोचले काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

चुलीच्या धुराचा प्रश्न आधुनिक भारतात प्रथम गांधीवादी ग्रामोद्योग चळवळीने गांभीर्याने हाती घेतला. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली ग्रामीण साधनांवर जे प्रयोग झाले, त्यांतून पुढे 'मगन चूल' प्रसिद्धीस आली. तिचे नाव मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ आहे. मातीचीच, परंतु एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी चढतील आणि धूर धुराड्यावाटे बाहेर जाईल अशी तिची रचना होती.

परभणीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना हैदराबादेत घडली. परभणी जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा नमुना सिद्ध केला आणि 1953 साली त्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले. धूर, काजळी, उष्मा, इंधनाचा अपव्यय आणि आगीचे भय या पाच गोष्टींपासून गृहिणीची मुक्तता हे त्यांनी समोर ठेवलेले ध्येय होते. मुक्तिसंग्रामातून नुकत्याच बाहेर पडलेल्या राज्यात 'मुक्ती' या शब्दाला जो अर्थ होता, तो लक्षात घेता या मांडणीचे मोल कळते. चूल मातीची, भांड्यांसाठी ओळीने भोके, शेवटी धुराडे आणि जाळ कमीजास्त करण्यासाठी धातूच्या झडपा, असे तिचे स्वरूप होते.

2 ऑक्टोबर 1952 रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमात निर्धूर चुलीच्या प्रात्यक्षिकांना स्थान मिळाले. तथापि या पहिल्या पिढीच्या चुली फारशा टिकल्या नाहीत. झडप कधी ओढावी आणि कधी लोटावी हे सांगणारा माणूस प्रात्यक्षिकानंतर गावातून निघून जात असे. झडप मग उघडी ती उघडीच राहत असे आणि सारी उष्णता धुराड्यावाटे निघून जाई.

चूल घालणारे हात

नव्या चुलीने ज्या संबंधांत हस्तक्षेप केला, ते संबंध प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. मराठवाड्यातील खेड्यांत चूल बहुधा घरातील स्त्रीच घालीत असे. काळ्या मातीला सुकताना भेगा पडतात, म्हणून तीत भुसा, राख, शेण किंवा लीद मिसळावी लागते, हे ज्ञान सासू-सुनेच्या परंपरेतून चालत आले होते. चुलीचे तोंड रुंद वाटले, वैलाला जाळ कमी लागला, तर तीच स्त्री पुढच्या सारवणाच्या वेळी ती दुरुस्त करीत असे. वस्तू करणारा आणि वापरणारा एकच असल्याने अभिप्राय नावाची स्वतंत्र गोष्टच उरत नव्हती.

सुटी चूल मात्र कुंभाराकडून येई. गावगाड्यातील बलुतेदारांत कुंभाराची गणना होती. त्याचे गिऱ्हाईक पिढ्यान्पिढ्यांचे असल्याने वाईट चूल दिली तर तिची तक्रार सुगीच्या वेळी खळ्यावरच ऐकावी लागे. पुढे बलुत्याची जागा आठवडी बाजाराने घेतली, तेव्हा तक्रारीचे रूप बदलले एवढेच. जी चूल खपत नाही ती कुंभार पुन्हा घडवीत नाही. त्याचे मत लेखी नव्हते, पण ते स्पष्ट होते.

निर्धूर चुलीने या रचनेत तिसरा घटक आणला. चूल एकाने वापरायची, दुसऱ्याने घडवायची आणि पैसे तिसऱ्याने, म्हणजे शासनाने, द्यायचे. घडवणाऱ्याला आता गृहिणीला नव्हे, तर कार्यालयाला संतुष्ट ठेवावे लागणार होते. पुढील अपयशाचे बीज आराखड्यापेक्षा या बदलात अधिक शोधावे लागेल.

राष्ट्रीय कार्यक्रम व उद्दिष्टांची भाषा

1983 च्या अखेरीस केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जंगलतोडीची चिंता ही त्यामागील मुख्य प्रेरणा होती. घरातील धुराच्या आरोग्यविषयक परिणामांकडे लक्ष वेधणारी किर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांची गुजरातेतील खेड्यांतील मोजमापेही 1983 सालीच प्रसिद्ध झाली. या कार्यक्रमात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली. 2002 साली केंद्राने तो राज्यांकडे सोपवला आणि राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून तो संपुष्टात आला. बसवलेल्या चुलींपैकी मोठा भाग बंद पडलेला किंवा मोडलेला असल्याचे वेगवेगळ्या पाहण्यांतून दिसून आले.

कार्यक्रमाची रचना पाहता कारागिराच्या मताला तीत जागा नव्हती असे म्हणता येत नाही. प्रशिक्षण वर्ग होते, तांत्रिक साहाय्य केंद्रे होती. परंतु चूल बसवणाऱ्या स्वयंरोजगार कामगाराचा मोबदला बसवलेल्या चुलींच्या संख्येवर अवलंबून होता आणि वार्षिक उद्दिष्ट मार्चअखेर पूर्ण करायचे होते. अशा माणसाला 'ही चूल कशी आहे?' असे त्याला काम देणाऱ्यानेच विचारले, तर तो काय उत्तर देणार? चुलीत दोष आहे असे सांगणे म्हणजे स्वतःच्या कामात दोष आहे असे कबूल करणे, अथवा पुढील वर्षीच्या कामावर पाणी सोडणे होय. 'चांगली आहे' हे उत्तर त्यामुळे खोटेपणाचे लक्षण मानता येत नाही. ते पोटाचे उत्तर होते. कामगार खोटे बोलले, हा नंतरच्या काळात कानावर येणारा आक्षेप त्यांच्यावर अन्याय करणारा आहे.

प्रयोगशाळेतील कसोटी आणि गावातील भाकरी

कार्यक्रमात स्थिर चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान 20 टक्के आणि सुट्या चुलीची 25 टक्के अपेक्षित होती. पारंपरिक चुलीची कार्यक्षमता सर्वसाधारणपणे 10 टक्क्यांच्या आसपास धरली जाई. ही कार्यक्षमता पाणी उकळून मोजली जाते. कसोटी म्हणून ती निर्दोष आहे, परंतु परभणी जिल्ह्यात चुलीवर केवळ पाणी उकळत नाही. येथील मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. ती तव्यावर भाजून नंतर चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर शेकावी लागते, तेव्हाच तिला पापुद्रा सुटतो. इंधन वाचवायचे तर चुलीचे तोंड लहान हवे; भाकरी शेकायची तर ते मोठे हवे. हा विरोध तांत्रिक अहवालात सहजी दिसत नाही, चुलीपुढे बसणाऱ्या बाईला मात्र तो पहिल्याच दिवशी कळतो.

इंधनाचाही प्रश्न असाच आहे. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी या कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या हेच वर्षभराचे सरपण. लाकडाचे आखूड ढलपे गृहीत धरून आखलेल्या तोंडात लांब, वाकड्या पऱ्हाट्या बसत नाहीत. त्या मोडून घालण्याचे काम वाढते, आणि ते काम कोणाच्या वाट्याला येते हे सांगण्याची गरज नाही. घर जर धाब्याचे असेल, तर धुराड्यासाठी माळवदाला पाडलेले भोक पावसाळ्यात गळते. छप्पर गळू लागले की गवंड्याला बोल लागतो, आराखडा करणाऱ्याला नव्हे.

परिणामी चुलीचे तोंड फोडून रुंद करणे, दुसरे भोक बुजवणे, काजळीने तुंबलेले धुराडे काढून टाकणे असे प्रकार देशभरच्या पाहण्यांत वारंवार नोंदले गेले. त्यांची नोंद बहुधा 'अयोग्य वापर' किंवा 'सदोष बांधणी' या रकान्यांत झाली. इतिहासाच्या अभ्यासकाने या रकान्यांकडे वेगळ्या दृष्टीने पाहावयास हवे. कारागिराने दोन बोटे रुंद केलेले तोंड हा त्याचा लेखी नसलेला अभिप्रायच होय. विचारल्यावर जे तो सांगू शकत नव्हता, ते त्याच्या हाताने करून दाखवले. शिलालेख नसलेल्या काळाचा इतिहास खापरांवरून वाचता येतो, मग फोडलेल्या चुलीवरून हा इतिहास वाचण्यास हरकत नसावी.

साचा आणि विक्री

महाराष्ट्रात या कोंडीतून मार्ग काढण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने (आरती) केला. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने 1996 साली स्थापन झालेली ही संस्था राष्ट्रीय कार्यक्रमात राज्यासाठी तांत्रिक साहाय्याचे कामही करीत होती. मापे बिघडू नयेत म्हणून संस्थेने चुलीसाठी साचे वापरात आणले. धुराड्याची 'लक्ष्मी' चूल हे त्यांतील परिचित नाव. साच्याचे दोन परिणाम झाले. मापे टिकली हे खरे, पण कारागिराच्या हाताला जी दुरुस्ती करण्याची मोकळीक होती ती कमी झाली. त्याचे मत आता साच्यात नव्हे, साच्याबाहेर, म्हणजे विक्रीत व्यक्त होणार होते.

ते तसे झालेही. 2002 नंतर अनुदानाचा आधार गेल्यावर शेल फाउंडेशनच्या साहाय्याने संस्थेने कुंभार आणि बचत गटांतील स्त्रिया यांना चुली घडवून स्वतः विकण्याचे प्रशिक्षण दिले. येथे कुंभाराच्या उत्तराचे मोल एकदम बदलले. पूर्वी त्याला चुलीची संख्या दाखवायची होती, आता त्याला स्वतःचा पैसा घालून चूल घडवायची आणि बाजारात न्यायची होती. जी विकत नाही ती तो पुढच्या भट्टीत घालणार नाही. मग संस्थेला त्याचे मत विचारावेही लागत नाही. अर्थात या पद्धतीची मर्यादाही आहे. धुराड्याची चूल महाग आणि बसवण्यास किचकट, म्हणून विकणाऱ्याचा कल स्वाभाविकपणे बिनधुराड्याच्या सुट्या चुलीकडे असतो. तीत सरपण वाचते, धूर मात्र घरातच राहतो. बाजारातील कौल प्रामाणिक असला तरी तो फुप्फुसांचा कौल नसतो.

फिलिप्स कंपनीच्या अभिकल्प विभागाने पुढे आरतीसारख्या संस्थांच्या सहकार्याने कमी धुराची चूल तयार केली. तिला 2009 साली डेन्मार्कचा 'इंडेक्स' पुरस्कार मिळाला. ती सिमेंटच्या सुट्या भागांची आहे. तडकलेला भाग तेवढाच बदलता येतो आणि काजळी काढण्यासाठी छपरावर चढावे लागत नाही, आतूनच ती झाडता येते. भेगा आणि तुंबलेले धुराडे या चूल बसवणाऱ्यांना गावोगाव ऐकाव्या लागलेल्या दोन जुन्या तक्रारी होत. त्या आराखड्यात उतरण्यास हैदराबादच्या पुस्तकापासून अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

कालांतराने ओडिशातील चुलींवर रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांनी अनेक वर्षे केलेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी धुराचे प्रमाण घटले, पुढे देखभालीअभावी तो लाभ नाहीसा झाला, असे त्यात दिसून आले. त्याच वर्षी 1 मे रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि शासनाचे लक्ष चुलीकडून सिलिंडरकडे वळले. परभणी जिल्ह्यातील 1972 साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचे, म्हणजे आजच्या सामुदायिक विज्ञानाचे, महाविद्यालय आहे. ज्वारी, पऱ्हाटी आणि ग्रामीण स्त्रीचे श्रम हे तिन्ही विषय एकाच आवारात अभ्यासले जातात, अशी ठिकाणे राज्यात फार नाहीत. सिलिंडर आलेल्या घरांतही पुष्कळदा अंगणात एक चूल राहतेच; आंघोळीचे पाणी तापवण्यास आणि भाकऱ्या करण्यास ती पेटते. सुट्या चुलींसाठीचे भारतीय मानक प्रथम 1991 साली आले आणि 2013 साली सुधारून त्यात धुराच्या मर्यादाही घालण्यात आल्या. चुलीची कार्यक्षमता त्यातही पाणी तापवूनच मोजली जाते.