अमेरिकन शर्यती नौकांतील इंजिने व कार्ब्युरेटर : १९०४ ते १९६०

यंत्रविद्येच्या इतिहासात मोटारगाडीला व विमानाला जे स्थान लाभले, ते शर्यतीच्या नौकेला लाभलेले नाही. जेथे तिचा उल्लेख येतो तेथे ती बहुधा याचकाच्या भूमिकेत येते. महायुद्धानंतर उरलेली विमानांची इंजिने आणि मोटारींच्या कारखान्यांतून निघालेली लहान इंजिने यांवर तिने आपला निर्वाह केला, असा या उल्लेखांचा सूर असतो. हे मत निराधार नाही. पण ते अपुरे आहे. नौकेच्या आत इंजिन बसवून खेळल्या गेलेल्या अमेरिकन शर्यतींचा वृत्तान्त पाहिला असता दोन गोष्टी ध्यानात येतात. इंजिन उसने आणता येत असले, तरी त्याला पाण्यावर हवा व इंधन योग्य प्रमाणात पुरविण्याची विद्या उसनी मिळत नव्हती. आणि निदान एका प्रसंगी तर देवघेवीची दिशाच उलटी होती.

या शर्यतींचे स्वरूप नियमांनी घडविले. १९०३ साली अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन स्थापन झाली व पुढील वर्षी हडसन नदीवर तिच्या ‘गोल्ड कप’ची पहिली शर्यत झाली. १९०३ मध्येच इंग्लंडमधील वृत्तपत्र-स्वामी आल्फ्रेड हार्म्सवर्थ याने आंतरराष्ट्रीय चषक ठेवला. त्याच्या अटींनुसार नौकेची लांबी ४० फुटांपेक्षा अधिक चालत नसे आणि नौका व इंजिन ही त्या त्या देशातच बनलेली असावी लागत. शक्तीवर मात्र मर्यादा नव्हती. या मोकळिकीचा पुरेपूर लाभ गारफिल्ड (गार) वुड याने घेतला. १९२० साली वाइट बेटाजवळ ऑस्बोर्न उपसागरात त्याची ‘मिस अमेरिका’ ही नौका हार्म्सवर्थ चषक जिंकून गेली, तेव्हा तिच्यात दोन ‘लिबर्टी’ इंजिने होती.

लिबर्टी हे युद्धाचे अपत्य. १९१७ साली जेसी व्हिन्सेंट व ई. जे. हॉल यांनी विमानांसाठी त्याचा आराखडा केला. बारा सिलिंडर, १,६४९ घनइंच आकारमान आणि सुमारे ४०० अश्वशक्ती असे ते इंजिन वीस हजारांहून अधिक संख्येने तयार झाले, आणि युद्ध संपताच त्यांतील मोठा साठा निरुपयोगी ठरला. वुडने यांतील पुष्कळ इंजिने विकत घेऊन ती नौकांच्या उपयोगी पडतील अशी बदलून घेतली. सिलिंडरांच्या दोन रांगांमधील खोबणीत झेनिथ बनावटीचे दोन जोड-कार्ब्युरेटर बसविलेले असत. आकाशात ही रचना सोयीची होती. पाण्यावर तिची परीक्षा निराळीच झाली.

फ्लोटच्या कार्ब्युरेटरमध्ये लहानशा वाटीत इंधनाची पातळी स्थिर राखली जाते. आत शिरणारी हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाताना तेथील दाब कमी होतो व वाटीतील इंधन जेटमधून वर ओढले जाते. पातळी स्थिर आहे, या गृहीतावर ही सारी व्यवस्था उभी आहे. शर्यतीच्या नौकेत हे गृहीतच कोसळते. लाटेवर आदळताना वाटीतील इंधन उसळते, वळणावर ते एका कडेला चढते. त्यामुळे मिश्रण क्षणात गाढ तर क्षणात विरळ होते. त्यातच नौका उडाली की पंखा पाण्याबाहेर येतो, भार नाहीसा होतो व इंजिनाचे फेरे बेसुमार वाढतात. चालक झडप मिटतो. पुढच्याच क्षणी पंखा पाण्यात शिरून सारा भार परत येतो व झडप पुन्हा उघडावी लागते. रस्त्यावरील मोटारीला असा प्रसंग क्वचितच येत असेल. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने नौकेच्या तळाशी साचते, आणि इंजिनाने उलटी ठिणगी मारली तर कार्ब्युरेटरच्या तोंडातून बाहेर पडणारी ज्वाला सर्वनाश करू शकते. २५ एप्रिल १९४० च्या अमेरिकन मोटरबोट कायद्याने त्यानंतर बसविलेल्या पेट्रोल इंजिनांच्या कार्ब्युरेटरवर ज्वालारोधक बसविणे आवश्यक केले, यावरून या धोक्याची कल्पना येईल.

गार वुडच्या अवाढव्य नौकांशी सामान्य धनिकालाही स्पर्धा करणे अशक्य झाले, तेव्हा १९२२ साली गोल्ड कपचे नियम बदलण्यात आले : इंजिन ६२५ घनइंचांच्या आत असावे आणि नौकेच्या तळाला पायरी नसावी. त्या वर्षीचा विजेता लिबर्टीचा एक कर्ता जेसी व्हिन्सेंट हाच होता, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. शक्तीला घनइंचांचे कुंपण पडले की स्पर्धकांचे लक्ष साहजिकच सिलिंडरात शिरणाऱ्या हवेकडे वळते. लहान वर्गांच्या शर्यतींत तर हेच मुख्य क्षेत्र ठरले.

यांपैकीच १५१ घनइंचांच्या वर्गासाठी लॉस एंजेलिस येथील हॅरी मिलर याच्या कारखान्यात १९२६ साली एक चार सिलिंडरी इंजिन तयार करण्यात आले. आराखडे लिओ गूसेन याचे, कारखान्याची देखरेख फ्रेड ऑफेनहाउझर याची. मिलरची कीर्ती तोवर आठ सिलिंडरी, सुपरचार्जरयुक्त मोटार-इंजिनांवर उभी होती. त्यापुढे हे नौकेचे इंजिन साधे व दणकट वाटावे असे होते. १९३० साली इंडियानापोलिसच्या शर्यतीचे नियम बदलले, आकारमानाची मर्यादा ३६६ घनइंचांपर्यंत वाढली आणि चार-घाती इंजिनांना सुपरचार्जर वर्ज्य झाला. तेव्हा हेच नौकेचे इंजिन १८३ घनइंचांपर्यंत वाढवून मोटारीत बसविण्यात आले, आणि त्या वर्षी शॉर्टी कॅन्टलन याने त्यावर दुसरा क्रमांक मिळविला. १९३३ मध्ये मिलरचे दिवाळे निघाले. ऑफेनहाउझरने काम पुढे चालविले. १९३५ साली केली पेटिलो याच्या विजयाने ऑफेनहाउझर हे नाव प्रथम इंडियानापोलिसच्या विजेत्यांत आले व १९७६ पर्यंत ते तेथे वारंवार येत राहिले. मोटारशर्यतींचे इतिहासकार या इंजिनाच्या नौकेतील जन्माची नोंद एखाद्या वाक्यात उरकतात. वस्तुतः पूर्ण भाराखाली दीर्घकाळ चालणे ही नौकेच्या इंजिनाची पहिली अट असते, आणि या घराण्याचा चिवटपणा तेथूनच आला असे मानण्यास जागा आहे.

१३५ घनइंचांच्या (पुढे १३६) वर्गाची कथा मात्र निखालस उसनवारीची आहे. फोर्डने १९३७ ते १९४० या वर्षांत अमेरिकेत ६० अश्वशक्तीचे लहान व्ही-८ इंजिन विकले. मोटारीत ते दुबळे ठरले व ग्राहकांना रुचले नाही. त्याचे आकारमान १३६ घनइंच होते व ते हलके होते. त्यामुळे नौकावाल्यांनी ते उचलले. फोर्डच्या या व्ही-८ घराण्यात जळालेले वायू ठोकळ्यातूनच बाहेर जात, म्हणून मोटारीत इंजिन तापण्याची तक्रार नित्याची असे. नौकेला साऱ्या सरोवराचे थंड पाणी उपलब्ध होते, तेव्हा तो दोष तेथे बोचला नाही. मूळच्या स्ट्रॉमबर्ग ८१ कार्ब्युरेटरचा गळा ०.८१ इंच होता, मोठ्या व्ही-८ वरील ९७ चा ०.९७ इंच. (हे आकडे अनेकांना कारखान्याचे अनुक्रमांक वाटतात.) शर्यतीसाठी एकाऐवजी दोन वा अधिक कार्ब्युरेटर नव्या नळकांड्यांवर चढविले जात. गळ्यांचे एकूण क्षेत्र वाढले की वरच्या फेऱ्यांत शक्ती वाढे, पण कमी फेऱ्यांत हवेचा वेग मंदावून जेट नीट ओढत नसे. म्हणजे वळणातून बाहेर पडतानाच नौका अडखळे. सरळ मार्गावर मिळविलेले वळणावर गमवायचे की कसे, हा निर्णय शेवटी ज्याने त्याने आपल्या सरोवराचा मार्ग पाहून करावयाचा असे. जेथे मेथिल अल्कोहोल वापरले जाई तेथे जेट बरेच मोठे करावे लागत, कारण पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या अल्कोहोलला अवघी ६.४ भाग.

दुसऱ्या महायुद्धानंतर लिबर्टीचीच कथा ॲलिसन व्ही-१७१० या १,७१० घनइंची विमान-इंजिनाच्या रूपाने पुन्हा घडली. १९४७ साली ‘मिस पेप्स ५’ने त्याच्या बळावर गोल्ड कप जिंकला. २६ जून १९५० रोजी सिॲटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर स्टॅन्ली सेअर्स याच्या ‘स्लो-मो-शन ४’ने ताशी १६०.३ मैलांचा वेग गाठून माल्कम कॅम्बेलचा १९३९ सालचा १४१.७ मैलांचा विक्रम मागे टाकला. टेड जोन्सचा आराखडा व अँकर जेन्सनचे बांधकाम यांचे श्रेय सर्वज्ञात आहे. पंखा अर्धा पाण्याबाहेर ठेवून धावण्याची तिची रीतही पुष्कळ वर्णिली गेली आहे. इंधनाच्या बाजूची गोष्ट तितकी बोलली जात नाही. ॲलिसनवर बेंडिक्स-स्ट्रॉमबर्गचा दाबयुक्त कार्ब्युरेटर असे व त्यात फ्लोट नव्हता. हवेच्या वेगातून उत्पन्न होणारा दाबातील फरक पडद्यांवर कार्य करी, त्यानुसार पंपाने दिलेले इंधन मोजले जाई व ते सुपरचार्जरच्या तोंडाशी फवारले जाई. विमान उलटेपालटे झाले तरी इंजिन बंद पडू नये, हा त्यामागील हेतू होता. लढाऊ वैमानिकासाठी काढलेला हा उपाय उसळत्या नौकेला नेमका लागू पडला. उंचीनुसार मिश्रण विरळ करणारी त्यातील यंत्रणा मात्र सरोवराच्या पृष्ठावर निरर्थक होती. विमानतळाऐवजी गोदीवर काम करणाऱ्या यांत्रिकांना मूळ मापे शर्यतीच्या भाराप्रमाणे नव्याने बसवावी लागली, कारण विमानाचे इंजिन उड्डाणानंतर काही मिनिटांत सौम्य गतीवर येते, नौकेचे येत नाही.

युद्धातील साठा कायम पुरणारा नव्हता. ॲलिसन व रोल्स-रॉइस मर्लिन यांचे सुटे भाग दुर्मीळ होत गेले, आणि १९८० नंतरच्या दशकात सर्वांत मोठ्या वर्गात हेलिकॉप्टरमधून उतरविलेल्या टर्बाइनांनी त्यांची जागा घेतली.