मांजराकडे उशिरा गेलेलं लक्ष

१७३०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या एका छापखान्यातल्या शिकाऊ पोरांनी मालकिणीचं लाडकं मांजर ठेचून मारलं. मग सापडतील ती मांजरं पकडून त्यांच्यावर लुटुपुटीचा खटला चालवला, त्यांना फासावर लटकवलं आणि सगळे पोट धरून हसले. मालकिणीच्या मांजराचे लाड व्हायचे. पोरांच्या वाट्याला मात्र मांजरंही तोंड लावणार नाहीत असं शिळंपाकं यायचं.

यात हसण्यासारखं काय होतं? इतिहासकार रॉबर्ट डार्न्टन यांनी १९८४ साली हाच प्रश्न धरून मालक-मजुरांचं वैर, चेटकिणींबद्दलच्या समजुती आणि सणांचे विधी उलगडले. त्याआधी, १९७२ मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी बाली बेटावरच्या कोंबड्यांच्या झुंजींतून तिथली मानापमानाची उतरंड वाचली होती. दोन्ही निबंध थोर आहेत. तरी त्यांत मांजर आणि कोंबडा ही माणसापर्यंत पोचण्याची वाटच राहिली.

ही चौकट इतिहासकार हॅरिएट रिट्व्हो यांनी मोडली. १९८७ च्या ‘द ॲनिमल इस्टेट’मध्ये त्यांनी व्हिक्टोरियन इंग्लंडमधली पशुप्रदर्शनं, कुत्र्यांची पैदास करणारे हौशी लोक, प्राणिसंग्रहालयं आणि पिसाळलेल्या कुत्र्यांची धास्ती हाच इतिहासाचा मुख्य विषय केला. त्याच वर्षी माणूस आणि प्राणी यांच्या नात्याला वाहिलेलं ‘ॲन्थ्रोझूस’ हे नियतकालिक निघालं. २००७ मध्ये न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात मानव-प्राणी अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठात तर या विषयात एमए करता येतं.

या अभ्यासाला मुंबईच्या दप्तरातही खाद्य आहे. जून १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याची मोहीम निघाली आणि फोर्टातले पारशी खवळले. त्यांच्या धर्मात कुत्रा पवित्र. मृतदेहाला त्याच्या नजरेसमोर आणण्याचा ‘सगदीद’ हा अंत्यविधीचाच भाग. दुकानं बंद झाली, दंगल पेटली. कंपनी सरकारला कुत्र्यांचा प्रश्न केवळ बंदोबस्ताचा वाटला, तिथेच ते चुकलं.

मुंबईच्या आसपासच्या वारली आदिवासींचा वाघ-बिबट्यांचा देव म्हणजे वाघोबा; त्याच्यावरचं काम मात्र अगदी अलीकडचं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या वाघोबाच्या दीडशेहून अधिक देवस्थानांची नोंद आहे. वाघबारशीची पूजा, देवाला दिलं जाणारं कोंबडं, वाघोबाच्या जन्माची कथा हे सारं त्यात आहे. वन्यजीव अभ्यासकांनी ते लिहून घेतलं, कारण त्याच परिसरात बिबट्या आणि माणूस आजही शेजारी राहतात.