बरुआसागरचा गावकारभार

नोकरीनिमित्त झाशीस आलेला मराठी माणूस किल्ला पाहतो, राणीमहाल पाहतो आणि झाशीचा इतिहास पाहिल्याचे समाधान मानतो. परंतु राज्यकर्त्यांचा इतिहास आणि गावाचा इतिहास या दोन निराळ्या गोष्टी होत. दुसरा पाहावयाचा असेल, तर मऊराणीपूरच्या वाटेवरील बरुआसागर गाठावे.

ओरछ्याचा राजा उदितसिंह याने १७०५ ते १७३७ या काळात येथे सुमारे पाऊण मैल लांबीचा बांध घालून तलाव निर्माण केला व जवळच गढी उभारली. बांधाखाली आमराया आणि भाजीपाल्याचे मळे वाढले. १७४४ साली याच ठिकाणी मराठे व बुंदेले यांची लढाई झाली. पुढे हा मुलूख झाशीच्या मराठी अमलात आला आणि १८५४ साली झाशी संस्थान इंग्रजांनी खालसा केले.

इंग्रजी अमदानीत गावचा कारभार १८५६ च्या विसाव्या कायद्याखाली चाले. घरोघर कर बसवावयाचा, त्यातून चौकीदारांचे पगार भागवावयाचे आणि उरल्यास झाडलोट, हाच त्याचा मुख्य व्याप. १९०१ साली येथे ६,३५५ लोकांची वस्ती होती. कर आकारण्यास पंचायत असे. पण ती सरकारी अधिकाऱ्याने नेमलेली. नाव पंचायतीचे, हुकूम साहेबाचा!

आमच्या देशावरील वतनदार पाटील-कुलकर्णीही निवडलेले नव्हते. वतनाचे जुलूम विसरता येत नाहीत. स्वतंत्र भारतात ती वतने गेली, हे योग्यच झाले. तथापि निवाडा दिल्यावर पाटलास त्याच पांढरीत नांदावे लागे, आपल्या निवाड्याची फळे डोळ्यांनी पाहावी लागत. नेमलेल्या पंचायतीचे लक्ष मात्र गावापेक्षा वरच्या मर्जीकडे अधिक लागावे, अशीच त्या कायद्याची घडण होती.

आज बरुआसागरास नगरपालिका आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरली आणि किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. कर देणाऱ्यास जाब विचारण्याचा हक्क मिळण्यास एवढा काळ जावा लागला.

आम्ही बदलीची माणसे. ज्या गावाच्या कागदावर आमची सही होते, त्या गावचे पाणी आम्हांस क्वचितच प्यावे लागते. म्हणूनच सहीपूर्वी, तेथे कायम राहणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे हे आमच्यावरील उपकाराचे नव्हे, कर्तव्याचे काम आहे.